क्लाइनिगचा खेकडा

ऑर्मंड क्लाइनिगने दोन जुने ट्रॅक्टर जोडून त्यांचा एक केला, तेव्हा विराबीन गावात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. त्याने दोनावरच भागवलं, याचंच काय ते आश्चर्य. ऑर्मीला कुठलीही वस्तू एकटी बघवत नसे. गवत कापायच्या यंत्राला त्याने मुलींची जुनी बाबागाडी जोडली होती, पाण्याच्या पंपाला सायकल जोडली होती, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात बायकोच्या, म्हणजे वाल्डाच्या, शिवणयंत्राला मेंढ्या कातरायच्या यंत्राची मोटर जोडली होती. त्या मोटरवर वाल्डाने एकच पडदा शिवला. शिवून झाला तेव्हा तो टेबलक्लॉथला शिवलेला निघाला.

साठी उलटल्यावर ऑर्मीने गव्हाची शेती धाकटी मुलगी आणि जावई यांच्या हवाली केली. जमीन दिली, मेंढ्या दिल्या, कुत्रा दिला. शेड मात्र दिली नाही. "शेतीचं काय, कुणीही करेल," असं तो म्हणायचा. जावई जवळपास असला की जरा मोठ्याने म्हणायचा.

त्या शेडमध्ये ते दोन ट्रॅक्टर आले. दोन्ही साखळपट्ट्यांचे, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर रणगाड्यासारखे सरकणारे. ऑर्मीच्या बापाच्या काळात वाळूच्या टेकड्यांवरचं मॅली नावाच्या चिवट झुडपांचं रान असल्याच ट्रॅक्टरांनी आडवं केलं होतं. दोघांच्या मध्ये जहाजाचा साखळदंड बांधायचा आणि झुडपं मुळासकट उपटत जायचं. रान संपलं, गहू आला आणि ट्रॅक्टर जिथे थांबले तिथेच गंजत राहिले. एक ऑर्मीच्याच कुंपणाशी होता. दुसरा शेजारच्या रेक्स ट्रेझाइसच्या माळावर, आणि त्याच्या सीटखाली एक जाडजूड सरडा बिऱ्हाड करून राहिलेला.

"घेऊन जा," रेक्स म्हणाला. "सरड्याला तेवढं विचार."

"बदल्यात तुला काय देऊ?"

"मला काही नको रे. तू काय करतोस ते बघायला येत जाईन, बस्स."

हा सौदा किती महागात पडला ते ऑर्मीला नंतर कळलं. रेक्स खरंच येऊ लागला. येताना स्वतःची घडीची खुर्ची आणायचा, शेडच्या दारात सावलीला टाकायचा, आणि क्रिकेटचा सामना बघायला बसल्यासारखा पाय पसरून बसायचा. हात म्हणून कशाला लावायचा नाही. तोंड मात्र सतत चालू.

ऑर्मीने दोन्ही ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे केले, आतल्या बाजूच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि जाडजूड तुळया वेल्ड करून दोघांना कायमचं बांधून टाकलं. आता डाव्या इंजिनाने डावी पट्टी चालवायची, उजव्याने उजवी. मध्ये खुर्ची, आणि खुर्चीत एकटा माणूस. शिवाय ही इंजिनं इतकी जुनी की किल्ली फिरवली आणि सुरू झाली असला प्रकार नाही. प्रत्येकाच्या पोटाशी एक छोटं पेट्रोलचं इंजिन होतं. आधी दोरी ओढून ते सुरू करायचं, मग त्याने मोठ्याला ढकलून जागं करायचं.

"म्हणजे एकूण चार इंजिनं," रेक्स खुर्चीतून म्हणाला.

"दोन. लहान मोजायची नसतात."

"पेट्रोल पितात ना? मग मोजायची. चार इंजिनं लावून तू जाणार कुठे, तर फाटकावरच्या टपालपेटीपर्यंत!"

पण इंजिनं जोडणं हा त्यातला सोपा भाग होता. खरी मारामार झाली ती चालवायच्या दांड्यांची. पूर्वी प्रत्येक ट्रॅक्टरला आपापला माणूस असे, आणि त्याच्या दोन्ही हातांना, दोन्ही पायांना पुरून उरेल इतकं काम असे. क्लचचा दांडा, गिअरचा दांडा, वळण्यासाठी एकेक पट्टी सोडायचे दांडे, रेसचा दांडा, पायाशी ब्रेक. आता सगळं दुप्पट झालं आणि माणूस मात्र एकच राहिला. ऑर्मीने खालून सळ्या घालून दोन्हीकडचे क्लच एका दांड्याला आणले, गिअर एका दांड्याला आणले. रेसचेही आणून पाहिले, पण दोन इंजिनांचे स्वभाव जमेनात. डावं उतावळं, लगेच उसळायचं. उजवं जरा विचार करून उठायचं. शेवटी दोघांना मिळून एक मोठा रेसचा दांडा, आणि उजव्याची वेगळी समजूत काढायला शेजारी एक छोटा, अशी तडजोड झाली.

न बघता हाताला कळावं म्हणून प्रत्येक दांड्याला वेगळी मूठ. क्लचला कुऱ्हाडीच्या दांड्याचा तुकडा. रेसला बिलियर्डचा लाल चेंडू. डावी पट्टी सोडायच्या दांड्याला दाराची चिनी मातीची मूठ, उजवीच्या दांड्याला मेंढ्याचं शिंग. समजूत काढायच्या छोट्या दांड्यावर एक गुळगुळीत लाकडी मूठ होती. ती बघून वाल्डा जागीच थबकली.

"ऑर्मंड, हे माझं लाटणं आहे."

"अर्धं," ऑर्मी म्हणाला. "अर्धं अजून स्वयंपाकघरातच आहे."

कुठल्याच दांड्यावर काही लिहिलेलं नव्हतं. रेक्सला ते बघवेना.

"अरे, कुठला कशाचा ते लिही तरी!"

"ज्याला माहीत असायला हवं, त्याला माहीत आहे."

"आणि तू गेल्यावर?"

"मी गेल्यावर मला कुठे चालवायचाय?"

एक अडचण मात्र होती. खुर्चीत बसून दांडा ओढायचा आणि त्याच वेळी खाली पाठीवर पडून सळी कुठे अडकते ते बघायचं, हे एका माणसाचं काम नव्हतं. रेक्स तर बोटही लावणार नाही. म्हणून वाल्डाला बोलावणं आलं. ती लोकर आणि सुया घेऊनच यायची. खुर्चीत बसायची आणि विणायला लागायची.

"शिंग ओढ!" खालून आवाज यायचा.

"ओढलं."

"पूर्ण?"

"माझा हात जेवढा आहे तेवढं ओढलं."

"मग सळी जरा वाकवतो. आता?"

"आता आलं. ऑर्मंड, तुझ्या डोक्याखाली तेल सांडलंय."

"माहीत आहे. चेंडू पुढे कर."

सगळा हिवाळा असाच गेला. नातवाचा निळा स्वेटर त्या खुर्चीत पुरा झाला, आणि त्याला डिझेलचा असा काही वास लागला की पोराची आई तो दोरीवरून आत घ्यायला तयार होईना. घरी जेवताना ऑर्मी पुन्हा तेच सुरू करायचा. काटा म्हणजे क्लच, चमचा म्हणजे रेस, आणि काकडीच्या लोणच्याची बरणी म्हणजे उजवं इंजिन. वाल्डा "हं" म्हणायची आणि बरणी त्याच्यापासून लांब सरकवायची.

ईस्टरच्या सुट्टीत फुटबॉलच्या मैदानावर जुन्या इंजिनांचा मेळा भरला. ऑर्मी इस्त्री केलेला पांढरा डगला घालून आला. उंची साडेसहा फूट, त्यात पांढरा डगला. लांबून पाहणाऱ्यांना मैदानात गोलपोस्टाचा खांब हलतोय असंच वाटलं. दोऱ्या ओढल्या, छोटी इंजिनं फटफटली, मग मोठी एकेक करून घुमायला लागली. जमीन थरथरली. मटणाच्या पाव-पॅटिसांचे ट्रे आपोआप टेबलाच्या कडेकडे सरकू लागले. गर्दी गप्प झाली. ऑर्मीच्या आयुष्यात असा क्षण यापूर्वी आला नव्हता. लग्नातसुद्धा लोक आपापसात बोलत होते.

त्याने क्लच लावला. तो महाकाय ट्रॅक्टर हलला, आणि उजवीकडे गेला.

ऑर्मीने सावरलं. ट्रॅक्टर डावीकडे गेला. पुन्हा सावरलं, पुन्हा उजवीकडे. समोर तोंड करून तो तिरका तिरका असा निघाला, की सरळ रस्त्याशी त्याचं जुनं भांडण असावं. पुढ्यात चहाचा तंबू होता. तंबूतल्या चार बायकांनी आरडाओरडा केला नाही. आयलीन हार्टविग नावाच्या बुटक्या, ठणठणीत बाईने नुसती मान हलवली. चौघींनी केकचं टेबल चार कोपऱ्यांना धरून उचललं आणि शिस्तीत पाऊल पाऊल मागे गेल्या. तंबूच्या दोरीला पट्टी टेकली आणि ट्रॅक्टर थांबला. एकही केक पडला नाही.

माइकवर गावचा खाटीक होता. तो म्हणाला, "मंडळी, वाट द्या. क्लाइनिगसाहेबांना चहा हवाय."

रेक्सने घडीची खुर्ची मिटली, जवळ आला, ट्रॅक्टरला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "खेकडा."

बस्स, एवढंच. संध्याकाळपर्यंत ते नाव गावभर झालं. दुसऱ्या दिवशी ऑर्मी दुकानात पाव आणायला गेला, तर शाळेतली पोरं त्याच्या समोरून तिरकी चालत गेली.

"मैदानाला उतार आहे," ऑर्मीने सगळ्यांना सांगितलं.

रेक्स पाणसळ घेऊन मैदानावर गेला. सकाळभर गुडघ्यावर रांगला. मग येऊन म्हणाला, "मैदान सपाट आहे रे. दुसरं काहीतरी सांग."

ऑर्मीने उजवं इंजिन खोललं. त्यात काही सापडलं नाही, म्हणून डावं खोललं. सळ्या काढल्या, साफ केल्या, पुन्हा लावल्या. मागच्या माळावर चालवून पाहिला. तिरका. पुन्हा खोलला. दिवसभर वाकून पाठीचं धनुष्य व्हायचं, आणि तरी संध्याकाळी वाळूत पट्ट्यांच्या खुणा बघाव्यात तर दारुड्याने वाट काढल्यासारख्या.

जेवताना तो आता बोलेनासा झाला. काट्याने नुसतं जेवायचा. वाल्डाने दोनदा "उजवं इंजिन काय म्हणतंय?" असं आपणहून विचारलं, तर म्हणाला, "बरं आहे." त्याच्या मनात भलतंच काही शिरलं होतं. इंजिनात दोष नाही, सळ्यांत नाही, जमिनीत नाही, मग राहिलं कोण? तो आपले हात उजेडात धरून बघायचा. ह्याच हातांनी त्याने नांगराच्या रेघा अशा मारल्या होत्या की लोक गाडी थांबवून बघत. आता ते थकले असावेत. म्हातारपण केस, दात, गुडघे असं रीतसर येतं असं त्याला वाटत होतं. ते सरळ हातांवर आलं असेल, तर ते कुणाला कशाला सांगायचं? त्याने सांगितलं नाही. ट्रॅक्टरवर ताडपत्री घातली.

नोव्हेंबरच्या अखेरीस, तिकडचा उन्हाळा सुरू होताना, तो पडला. ट्रॅक्टरवरून पडला असता तर सांगायला तरी बरं होतं. तो कोंबड्यांच्या खुराड्याच्या पायरीवरून पडला, हातात अंडी होती म्हणून ती सांभाळत पडला, आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. अंडी शाबूत राहिली. रेक्सने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, आणि सांगताना दर वेळी अंडी वाढवली.

हात झोळीत आणि गव्हाची कापणी भरात, अशा एका दुपारी रेक्स स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. घडीची खुर्ची नाही. हे दोन्ही अपशकुनच.

"माझा हार्वेस्टर रुतला," तो म्हणाला. "खाऱ्या तळ्याच्या कडेला."

ते तळं सगळ्यांना ठाऊक होतं. वरून पापडासारखं वाळलेलं, आणि पापडाखाली कंबरभर चिखल.

"ट्रॅक्टरने ओढ," ऑर्मी म्हणाला.

"ओढला. आता ट्रॅक्टरही रुतला."

"अच्छा."

"तर म्हटलं, तुझा तो... मोठा ट्रॅक्टर आहे ना."

"कुठला?"

"मोठा रे. शेडमधला."

"नाव काय त्याचं?" ऑर्मीने विचारलं.

रेक्सने पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे आभाळ शिशाच्या रंगाचं झालं होतं. "ऑर्मी, पाऊस येतोय."

"नाव तूच ठेवलंस ना? मग सांग की."

"क्लाइनिगांचा जोडट्रॅक्टर," रेक्स एका दमात म्हणाला. "जगात त्याच्यासारखा देखणा ट्रॅक्टर नाही. झालं? आता चल."

ऑर्मीचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. त्याने झोळीतला हात वर केला. "हे बघ. दोन हातांनी सरळ जात नव्हता, आता एका हाताने काय जाणार?"

वाल्डा ओट्याशी काकड्या बरणीत भरत होती. तिने हात पुसले. "मी चालवते."

दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"असे काय बघताय? सगळा हिवाळा त्या खुर्चीत कोण बसलं होतं? पाद्रीबाबा?"

ताडपत्री निघाली. रेक्सने आयुष्यात पहिल्यांदा त्या ट्रॅक्टरला हात लावला, तोही दोऱ्या ओढायला. दोन्ही छोटी इंजिनं सुरू होईपर्यंत त्याचा शर्ट भिजला. "चार," तो धापा टाकत म्हणाला, "मी म्हणत होतो ना, चार आहेत!"

ऑर्मी खुर्चीशेजारच्या पायरीवर उभा राहिला, चांगल्या हाताने दांडी धरून. सांगायला सुरुवात केली. "हे बघ वाल्डा, आधी क्लच सोडवायचा, मग..." वाल्डाने क्लच सोडवला होता. "मग गिअर..." गिअर पडला होता. "आणि चेंडू हळूहळू..." चेंडू हळूहळूच पुढे चालला होता. दोन्ही इंजिनं चढू लागली. दोघांची गती जुळली नाही की एक घुमारा उठायचा, वाँव-वाँव, वाँव-वाँव, असा लाटेसारखा वर-खाली होणारा. वाल्डाने मान जराशी कलती केली, लाटण्याच्या मुठीला किंचित धक्का दिला, आणि तो घुमारा लांबत लांबत जाऊन नाहीसा झाला. दोन इंजिनांचा एकच आवाज उरला.

ऑर्मी सांगायचा थांबला.

माळ ओलांडून टेकडीच्या अंगाने ते निघाले. अर्ध्या वाटेवर त्याने मागे वळून पाहिलं. वाळूत पट्ट्यांच्या दोन खुणा पडल्या होत्या, शाळेच्या फळ्यावर पट्टी धरून मारलेल्या रेघांसारख्या. तो बराच वेळ बघत राहिला. त्याला अभिमान वाटला. म्हणजे ट्रॅक्टर चांगलाच होता. मग दोष कुणात होता, ते आता अगदी साफ झालं.

तळ्याच्या कडेला हार्वेस्टर पोटापर्यंत बसला होता, आणि त्याच्यापुढे रेक्सचा ट्रॅक्टर नाक वर करून. वाल्डाने आपलं धूड कडक जमिनीवरच थांबवलं. रेक्सने चिखलात उतरून लोखंडी दोर आधी आपल्या ट्रॅक्टरला बांधला. दोर हळूहळू ताणला गेला. डावी पट्टी ओल्या जागी घसरू लागली, तशी वाल्डाने दाराची मूठ क्षणभर ओढून सोडली, उजवीवर भार घेतला, पुन्हा दोन्ही जुळवल्या. रेक्सचा ट्रॅक्टर मुकाट्याने बाहेर आला. मग दोर हार्वेस्टरला लागला. तो मोठा जिद्दी निघाला. इंजिनांचा आवाज खोल गेला, पट्ट्या जमिनीत दात रोवत राहिल्या, आणि मग म्हशीने चिखलातून पाय काढावा तसा प्रचंड आवाज करून हार्वेस्टर सुटला. पहिले टपोरे थेंब पडले तेव्हा तो वाळूच्या उंचवट्यावर, झाडांच्या आडोशाला उभा होता.

रेक्स नखशिखांत खारा चिखल ल्यालेला. तो वाल्डासमोर येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण चिडवण्यावाचून दुसरं बोलायची त्याला सवयच नव्हती.

"वाल्डा," तो शेवटी म्हणाला, "तू कुठे शिकलीस हे?"

गावाने याचं उत्तर आपल्यापुरतं लगेच शोधून काढलं. वाल्डा रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. हात एक करताहेत, पाय दुसरं करताहेत, कान तिसरीकडे, म्हणजे ट्रॅक्टर काय वेगळा, असं सगळे म्हणू लागले. पाद्रीबाबांनी तर प्रवचनातही ते घातलं. वाल्डाला ते मुळीच पटलं नाही.

"पायपेटीचा काय संबंध?" ती आयलीनला म्हणाली. "आमच्या घरी जेवताना दुसरा विषय होता का? मीठ मागितलं तर क्लच मिळायचा."

ऑर्मी मात्र घरात गप्प गप्प होता. हाड जुळलं, झोळी सुटली. त्याच दिवशी सकाळी तो एकटाच शेडमध्ये गेला, खुर्चीत बसला आणि इंजिन सुरू न करता नुसते दांडे ओढून पाहू लागला. शिंग ओढलं, तर कोपर मागच्या टाकीवर आपटलं. ठीक आहे. मग तो चेंडू पुढे ढकलायला वाकला, आणि वाकल्याबरोबर त्याचा उजवा गुडघा वर आला आणि शिंगाला टेकला. शिंग हललं. शिंग हललं म्हणजे उजवी पट्टी सुटली. त्याने पाय सरळ करायचा प्रयत्न केला. पाय सरळ करायला तिथे जागाच नव्हती. तो पुन्हा वाकला. पुन्हा गुडघा, पुन्हा शिंग.

ऑर्मीने आणखी एकदा वाकून खात्री केली. मग मोठमोठ्याने हसायला लागला. एवढ्या मोठ्याने की खुराड्यातल्या कोंबड्या बाहेर आल्या. हसता हसताच तो घराकडे निघाला.

"वाल्डा! हात नाहीत! हात चांगले आहेत माझे!"

"हातांना काय झालं होतं?" वाल्डाने विचारलं.

"म्हातारे झालेत असं वाटत होतं मला. तसं काही नाही. गुडघा आहे!"

वाल्डाने हातातलं भांडं खाली ठेवलं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढे महिने हा माणूस जेवताना गप्प का होता, ते तिला त्या एका वाक्यात कळलं. ती पुढे झाली, त्याचे दोन्ही हात धरले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "हातांना साबणाची गरज आहे. बाकी ठीक आहेत."

"तो ट्रॅक्टर तुझ्या मापाचा झालाय," ऑर्मी म्हणाला. "सळ्या वाकवताना तू बसली होतीस ना! प्रत्येक दांडा तुझ्या हाताच्या बेताने आलाय."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तू त्या खुर्चीत बसलास की बाहुलीच्या खुर्चीत बसल्यासारखा दिसतोस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तू उजव्या इंजिनाचं सांगत होतास."

आता सळ्या पुन्हा आपल्या मापाने वाकवणं ऑर्मीला कठीण नव्हतं. तो पाइप वाकवायचं यंत्र घेऊन ट्रॅक्टरखाली शिरलाही. तिथे उताणा पडून त्याने वर पाहिलं. सगळ्या सळ्या एकमेकींना न शिवता सुंदर वळणं घेत गेल्या होत्या. त्याने एक धरली, सोडली. तेवढ्यात दारातून रेक्सचा आवाज आला. खुर्ची परत आली होती.

"मेळ्याच्या कमिटीने कळवलंय. यंदा ट्रॅक्टर वाल्डाने आणायचा. तू आलास तरी चालेल म्हणालेत."

ऑर्मी यंत्र घेऊन बाहेर आला. "मीच सांगणार होतो त्यांना," तो म्हणाला. हे खरं नव्हतं, पण म्हणेपर्यंत खरं झालं.

ईस्टरला वाल्डाने तो ट्रॅक्टर मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि चहाच्या तंबूसमोर असा थांबवला की दोरीही हलली नाही. ऑर्मी पुढे पुढे चालत हातवारे करून वाट दाखवत होता. तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. तंबूतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आयलीन हार्टविग एप्रनला हात पुसत बाहेर आली.

"वाल्डा, मला शिकवशील?"

"ये की गुरुवारी," वाल्डा म्हणाली. शेड कुणाची, हे तिने विचारात घेतलं नाही.

गुरुवारी आयलीन आली. पुढच्या गुरुवारी तिघी आल्या, केक घेऊन. आयलीन एवढीशी, तिचे पाय ब्रेकला पोचेनात. डाकघरातली बाई चांगली उंच, तिचे गुडघे अडकू लागले. ऑर्मी दर खेपेला ट्रॅक्टरखाली जायचा आणि वरून सूचना यायच्या. "ऑर्मंड, जरा पुढे!" "ऑर्मंड, जरा मागे!" आठवडाभर तो वैतागून फिरत होता. मग मोडीत निघालेल्या शाळेच्या बसमधून त्याने ड्रायव्हरच्या सीटखालचे रूळ काढून आणले, ते ट्रॅक्टरच्या खुर्चीखाली वेल्ड केले, आणि बाजूला एक खिट्टी बसवली. खिट्टी उचलली की खुर्ची पुढे, मागे, हवी तिथे. आयुष्यभर त्याने वस्तू एकमेकींना घट्ट जोडल्या होत्या. ही पहिलीच वस्तू त्याने सैल ठेवली.

"एवढं तर कुणालाही सुचलं असतं," रेक्स म्हणाला.

"तुला सुचलं?"

"मी बघायला येतो. सुचायला येत नाही."

ऑर्मीने त्या दिवशी कुणी यायच्या आधी खिट्टी उचलली, खुर्ची पार मागे ढकलली आणि बसला. पाय पसरले. गुडघे खाली राहिले. त्याने दोन्ही इंजिनं जुळवली, क्लच लावला आणि माळावर निघाला. चेंडू पुढे केला, तरी ट्रॅक्टर कुठे वळला नाही. टेकडीपर्यंत गेला, वळवला, आपल्याच खुणांवरून परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. मग आणखी एकदा, उगाचच. वारा पुढून येत होता आणि धूर डोक्यावरून मागे जात होता. दोन्ही हात दांड्यांवर अलगद पडले होते, पूर्वी नांगरावर पडायचे तसे.

चौथ्यांदा तो वळवायला लागला, तेव्हा शेडसमोर चार बायका केकचा डबा घेऊन उभ्या होत्या, आणि आयलीन दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होती. इंजिनांच्या आवाजात ऐकू येईना. त्याने रेस कमी केली.

"ऑर्मंड, उतर!" आयलीन म्हणत होती. "गुरुवार आहे आज. आधी नंबर माझा!"